शुगर कबूल करा, हार्टसाठी भांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात राहणाऱ्या तुमच्या आबांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये २० लाखांची आयुर्विमा पॉलिसी घेतली. पुढच्या वर्षीचा हप्ता थकला, पॉलिसी लॅप्स झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ती पुन्हा चालू केली. मे २०२५ मध्ये हार्ट अटॅकने आबा गेले आणि सप्टेंबरात कंपनीने क्लेम नाकारला. पत्रात कारणं दोन: पाच वर्षांपासूनचा मधुमेह लपवला आणि हृदयविकाराचा जुना त्रास लपवला. तुमचं म्हणणं, शुगर खरी आहे, गोळी रोज चालू होती, पण एजंटला ते ठाऊक होतं आणि फॉर्म त्यानेच भरला. हार्टचा त्रास मात्र कधीच नव्हता. रात्री दोन वाजता ॲडमिट करताना चुलतभावाने घाबरून काहीतरी सांगितलं आणि तेच केसपेपरवर उतरलं. आता एक गृहस्थ तीस टक्क्यांवर 'मागची तारीख घालून डॉक्टरचा दाखला' आणून देतो म्हणतात. कोर्टाचे निकाल आपल्या बाजूने आहेत का आणि त्या गृहस्थांचं ऐकावं का, हे तुम्हाला हवंय.

आधी त्या गृहस्थांचं. त्यांना आजच्या आज नाही म्हणा. फोनवर नको, मेसेज करून म्हणा, म्हणजे तुम्ही नाही म्हणालात याचा पुरावा राहील.

मी एकवीस वर्षं विम्याच्या क्लेमची वकिली करतोय. पहिली आठ वर्षं विमा कंपन्यांच्या पॅनेलवर होतो, पुढची सगळी क्लेम मागणाऱ्यांच्या बाजूने. कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर काय करतो ते मी आतून बघितलंय. तो आधी गल्लीतल्या मेडिकलवाल्याकडे जातो, मग लॅबमध्ये, मग आसपासच्या दवाखान्यांच्या रजिस्टरवर बोट फिरवतो. मागची तारीख घातलेला एक दाखला आम्ही असा पकडला होता: तारीख चार वर्षांपूर्वीची, पण लेटरहेडवर डॉक्टरांचा जो पत्ता छापला होता तिथे ते जेमतेम वर्षभरापूर्वी गेले होते. क्लेम बहुधा खरा होता. दाखल्याने तो बुडवला.

तुमच्या प्रकरणात तर असल्या कागदाची गरजही नाही. तुमची बाजू अर्धी लंगडी आणि अर्धी भक्कम आहे. खोटा कागद आत शिरला की भक्कम अर्ध्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. दुधात मिठाचा खडा म्हणतात तो हाच.

आता कायदा. विमा कायदा १९३८ चा, त्याचं कलम ४५. आपल्याकडे लोक या कलमातली एकच गोष्ट पाठ करून ठेवतात: 'तीन वर्षं झाली की कंपनी काही करू शकत नाही.' ते खरं आहे. पण तीन वर्षं कुठून मोजायची? पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, पॉलिसी पुन्हा चालू केल्याची तारीख आणि रायडर म्हणजे जादा संरक्षण जोडल्याची तारीख, यांतली जी सगळ्यात उशिराची असेल तिथून. हप्ता थकल्याचं तुम्ही प्रश्नात ओघात एका वाक्यात सांगून मोकळे झालात, पण घड्याळ त्याच वाक्याने मागे फिरवलंय. तुमची तीन वर्षं फेब्रुवारी २०२४ पासून मोजायची. म्हणजे कंपनीने पत्र मुदतीतच दिलंय (नोव्हेंबर २०२२ पासून मोजलं तरी तीन वर्षं झाली नव्हती) आणि तो मुद्दा आपल्याला नाही. शिवाय पॉलिसी पुन्हा चालू करताना प्रकृतीबद्दलचं निवेदन पुन्हा लिहून घेतात. त्यातही शुगरपुढे 'नाही' असेल, तर एकच चूक दोनदा झालीय. ती दोन्ही कागदपत्रं आधी मिळवा. मूळ प्रपोजल फॉर्मची (विमा घेतानाच्या अर्जाची) प्रत आणि पॉलिसी पुन्हा चालू करतानाच्या फॉर्मची प्रत, दोन्ही लेखी अर्ज करून मागा. फॉर्मवरचं अक्षर कुणाचं आणि सही कुणाची हे बघितल्याशिवाय कुठलाही वकील तुम्हाला धड सल्ला देऊ शकणार नाही.

आता कलम ४५ चा जो भाग कुणी वाचत नाही तो. तीन वर्षांच्या आत कंपनी दोन वेगळ्या कारणांनी पॉलिसीवर बोट ठेवू शकते. एक फसवणूक, दुसरं चुकीची किंवा अपुरी माहिती. दोन्हींत क्लेम जातो म्हणून लोकांना ते एकच वाटतं. तसं नाही. कारण फसवणुकीचं नसेल तर पत्र दिल्यापासून ९० दिवसांत भरलेले हप्ते परत द्यावे लागतात. आणि त्याहून मोठा फरक पुराव्याच्या ओझ्याचा आहे.

कंपनीने चुकीच्या माहितीचं कारण दिलं, तर लपवलेल्या गोष्टीचा जोखमीशी थेट संबंध होता आणि ती आधी कळली असती तर आपण पॉलिसी दिलीच नसती, हे कंपनीने सिद्ध करायचं. हे माझं मत नाही, कलमाच्या स्पष्टीकरणातच लिहिलंय. आता विचार करा, शुगर असलेल्या माणसाला विमा मिळत नाही का? सर्रास मिळतो, फार तर हप्ता जास्त पडतो. म्हणून मी अशा केसमध्ये पहिला अर्ज हाच करतो की कंपनीने जोखीम स्वीकारण्याचे आपले अंतर्गत नियम हजर करावेत. 'शुगर असेल तर जादा हप्ता' असं त्यांत असलं, तर 'पॉलिसी दिलीच नसती' हे वाक्य कंपनीला उच्चारता येत नाही. नियम हजर करायला बऱ्याच कंपन्या कां-कूं करतात. त्यातूनही ग्राहक आयोग काय ते समजून घेतो.

फसवणुकीचं मात्र उलटं आहे. पॉलिसीधारक हयात नसेल तर फसवणूक नव्हती हे वारसांनी दाखवायचं. मेलेल्या माणसाच्या मनात काय होतं ते त्याच्या बायको-पोरांनी सिद्ध करायचं! मला ही तरतूद कधीच पटली नाही, पण आहे ती अशी आहे. त्यामुळे तुमच्या हातातल्या पत्रात 'फसवणूक' हा शब्द आहे की नुसतं 'माहिती लपवली' असं आहे, ते भिंग लावून बघा. अर्धा खटला त्या एका शब्दावर उभा असतो. हप्त्यांची रक्कम खात्यात जमा झाली असेल तर लगेच लेखी कळवा की ती हक्क राखून स्वीकारली आहे. नाहीतर पुढे 'पैसे घेऊन गप्प बसले' असा युक्तिवाद होतो.

त्याच कलमात वारसांसाठी एक दारही ठेवलंय. लपवलेली गोष्ट कंपनीला ठाऊक होती असं दाखवता आलं, तर फसवणुकीचं कारण टिकत नाही. आणि विमा विकणारा, बोलणी करणारा माणूस करार करण्यापुरता कंपनीचाच प्रतिनिधी मानायचा, असंही स्पष्टीकरण आहे. म्हणजे 'एजंटला ठाऊक होतं' हे तुमचं वाक्य रडगाणं नाही, बचाव आहे. पण तो सिद्ध कसा करणार? एजंट स्वतःहून कबूल करेल ही आशा सोडा, त्याचं कमिशन आणि लायसन दोन्ही पणाला लागलंय. व्हॉट्सॲपवरचं बोलणं, त्याला पाठवलेला लॅबचा रिपोर्ट, तो घरी आला तेव्हा हजर असलेला शेजारी, असलं काही आहे का ते शोधा. आबांचा फोन विकू नका, फॉरमॅटही करू नका.

आता निकालांकडे येतो, कारण 'फॉर्म एजंटने भरला, आम्ही फक्त सही केली' हे वाक्य सुप्रीम कोर्टात फारसं चालत नाही. २०१९ मध्ये रिलायन्स लाइफच्या प्रकरणात हेच घडलं. त्या माणसाने सुमारे दोन महिने आधी दुसऱ्या कंपनीची ११ लाखांची पॉलिसी घेतली होती आणि नव्या फॉर्ममध्ये ती सांगितली नव्हती. काही महिन्यांत तो वारला. कोर्टाने क्लेम नाकारणं योग्य ठरवलं आणि सही करणाऱ्याला मजकुराची जबाबदारी झटकता येणार नाही असं सांगितलं. २०२० मध्ये बजाज अलियान्झच्या एका प्रकरणातही आजार न सांगितल्यावरून निकाल कंपनीच्या बाजूने गेला. त्याआधी २००९ मध्ये न्यू इंडियाच्या मेडिक्लेमच्या निकालात कोर्टाने कसोटी घालून दिली होती: जोखीम घ्यायची की नाही हे ठरवताना शहाणी कंपनी जी गोष्ट विचारात घेईल ती महत्त्वाची, आणि फॉर्ममध्ये ती विचारली असेल तर सांगायलाच हवी.

दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. २०१५ मध्ये एलआयसीच्या एका प्रकरणात कमरेच्या मणक्याचं दुखणं सांगितलं नव्हतं आणि मृत्यू हृदयविकाराने झाला होता. कोर्टाने क्लेम द्यायला लावला, कारण त्या दुखण्याचा मृत्यूशी संबंध नव्हता आणि ते जिवावरचंही नव्हतं. २०२१ च्या डिसेंबरात परदेशी प्रवासाच्या मेडिक्लेमचा निकाल आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर हार्टचा त्रास झालेल्या त्या माणसाने मधुमेह आधीच सांगितला होता, फक्त कोलेस्टेरॉलची गोळी सांगितली नव्हती. प्रकृती माहीत असताना पॉलिसी दिली, आता मागे फिरू नका, असं कोर्टाने कंपनीला सुनावलं. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत एक्साइड लाइफच्या प्रकरणात मोठी पॉलिसी सांगून किरकोळ पॉलिस्या सांगायच्या राहिल्या होत्या. तिथे क्लेम मंजूर झाला.

वकील या निकालांतला आपल्या सोयीचा तुकडा उचलून तुम्हाला खूश करू शकतो. मी करणार नाही. २०१५ चा निकाल तुमच्या शुगरला लागत नाही, कारण शुगर आणि हार्ट ही मणक्यासारखी लांबची पाहुणी नव्हेत, सख्खी आहेत. म्हणून माझी दिशा अशी: शुगर होती हे तक्रारीच्या पहिल्याच पानावर स्वतःहून लिहायचं. एजंटला ठाऊक होतं तेही लिहायचं. मग पुराव्याचं ओझं कंपनीवर टाकायचं की शुगर माहीत असती तर पॉलिसी दिलीच नसती हे दाखवा. आणि हार्टच्या मुद्द्यावर मात्र पुरतं भांडायचं.

ते भांडण असं. कंपनीकडे बहुधा केसपेपरवरची एक ओळ आहे, 'पूर्वीपासून हृदयविकार'. ती सांगितली कुणी? पेशंटने नाही, तो बोलण्याच्या स्थितीत नव्हता. ग्राहक आयोगांनी पुन्हा पुन्हा म्हटलंय की केसपेपरवरची नुसती 'हिस्टरी' म्हणजे आजाराचा पुरावा नव्हे. जुन्या उपचारांचे कागद हवेत किंवा लिहिणाऱ्या डॉक्टरचं शपथपत्र हवं. तेव्हा हॉस्पिटलकडे सगळे इनडोअर केसपेपर लेखी मागा. माहिती देणाऱ्याचं नाव आणि नातं त्यावर लिहिलंय का बघा. चुलतभावाने शपथपत्र करून सांगावं की मी काय म्हणालो आणि का म्हणालो. त्याला लाज वाटेल, तरी करू दे. आबांचा आधीचा ईसीजी, ऑपरेशनपूर्व तपासणी, नोकरीत असतील तर तिथली वैद्यकीय तपासणी, काहीही 'नॉर्मल' असलेलं सापडलं तर सोन्याहून पिवळं. त्या गृहस्थांना जे तीस टक्क्यांत बनवून द्यायचं होतं, त्याचा खरा अवतार कदाचित घरातल्या ट्रंकेत पडलेला असेल.

आणखी एक हत्यार आहे. कंपनीने पत्रात जी कारणं दिली त्यांच्याबाहेर तिला नंतर जाता येत नाही. २०१६ चा गलाडा पॉवरचा आणि २०१९ चा सौराष्ट्र केमिकल्सचा असे दोन निकाल यावर आहेत. तुमच्या पत्रात दोनच कारणं आहेत. उद्या जबाबात 'दुसऱ्या पॉलिस्याही लपवल्या' असं तिसरं कारण आलं, तर हे निकाल पुढे ठेवायचे.

खोट्या कागदाबद्दल अजून थोडं बोलतो, कारण महापुराच्या क्लेममध्ये मी हे फार बघितलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी कधीच मागे पडली होती आणि शाहूपुरीत दुकानांच्या शटरपर्यंत पाणी होतं. माझ्या एका अशिलाचा पंपांचा माल बुडाला, खरं नुकसान सात लाखांच्या आसपास. पण 'सर्व्हेअर (नुकसान मोजायला कंपनी पाठवते तो) कापणारच, मग वाढवून सांगूया' म्हणून त्याने पाहुण्याच्या दुकानातून चार लाखांची बिलं जोडली. ती बिलं पाहुण्याच्या जीएसटी रिटर्नमध्ये नव्हती. पॉलिसीत अट असते की क्लेम कोणत्याही बाबतीत लबाडीचा असेल तर सगळेच हक्क जातात. चार लाखांसाठी सात लाख अडकले, आणि तीन वर्षांनी तडजोडीत तीन हातात पडले. सर्व्हेअरने कमी धरलं असतं तर त्यावर भांडता आलं असतं. सर्व्हेअरचा अहवाल म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हे २००९ मध्येच सुप्रीम कोर्टाने न्यू इंडियाच्या प्रकरणात सांगून ठेवलंय. आणि कंपनी स्वतः अटींच्या आडून खेळते तेव्हा कोर्ट तिलाही सोडत नाही. २०२२ च्या टेक्स्को मार्केटिंगच्या निकालात दुकान तळघरात आहे हे कंपनीला माहीत होतं, हप्ता घेतला, आणि आग लागल्यावर 'तळघर विम्यात येत नाही' म्हणाली. कोर्टाने ती अटच मोडीत काढली. तळघरात गोडाऊन असलेल्या लक्ष्मीपुरीतल्या व्यापाऱ्यांनी हा निकाल जरूर लक्षात ठेवावा.

इंग्लंडमध्ये याच विषयावर २०१६ मध्ये एक गमतीदार निकाल झाला. 'डीसी मर्वेस्टोन' नावाच्या जहाजाच्या इंजिनरूममध्ये पाणी शिरलं, नुकसान सुमारे ३२ लाख युरो. क्लेम खरा होता, पण लवकर पैसे मिळावेत म्हणून मालकांनी धोक्याच्या अलार्मबद्दल एक खोटी गोष्ट रचून सांगितली. तिथल्या सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मताने म्हटलं की खोटं नसतं तरी क्लेम देय होताच, म्हणून द्या. हा निकाल कुणीतरी तुम्हाला दाखवेल. भुलू नका. आपल्या पॉलिसीतली अट आणि इथला पुरावा यांवर तुमचं ठरणार, आणि मागच्या तारखेचा दाखला बनवणं हा भारतीय न्याय संहितेत फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाचा फौजदारी गुन्हा आहे. दाखला आणणारा तीस टक्के घेऊन बाजूला होतो, सही करून क्लेम मागणारी नॉमिनी म्हणजे तुमची आई.

अपघात दाव्यांतल्या बनवाबनवीवर लांबवत नाही. बिनविम्याची दुचाकी लपवायची आणि विमा असलेली पुढे करायची, हा धंदा उत्तर प्रदेशात एवढा वाढला की अलाहाबाद हायकोर्टाने २०१५ मध्ये विशेष तपास पथक (एसआयटी) नेमायला लावलं आणि पुढे सुप्रीम कोर्टाने वकिलांवरही कारवाई करायला लावली. त्याची झळ खऱ्या अपघातग्रस्तांना बसते. दावा आणला की अपघात दाव्यांचं ट्रिब्युनल आधी एफआयआरची तारीख बघतं.

आता जायचं कुठे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. कोल्हापूर जिल्हा पुण्याच्या कार्यालयाखाली येतो. फी नाही, वकील लागत नाही, मर्यादा आता ५० लाखांची आहे आणि कंपनीने ही तक्रार फेटाळल्यापासून, किंवा उत्तराविना महिना उलटल्यापासून, एक वर्षाची मुदत. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. पण एकाच वेळी दोन्हीकडे जाता येत नाही.

दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. मुदत दोन वर्षं. आयोगाची मर्यादा २०१९ च्या कायद्याप्रमाणे विम्याच्या रकमेवर नाही, भरलेल्या हप्त्यांवर मोजतात, म्हणून तुमचं प्रकरण आरामात जिल्ह्यातच बसतं, आणि पाच लाखांपर्यंत फीही नाही. मी तुम्हाला आयोगाकडे पाठवेन, लोकपालांकडे नाही. कारण तुम्हाला कंपनीचे अंतर्गत नियम हजर करून घ्यायचेत, चुलतभावाचं शपथपत्र द्यायचंय, एजंटला प्रश्नावली द्यायचीय. हे सगळं आयोगात जमतं. कंपनी एक हरकत घेईल: हा फसवणुकीचा गुंतागुंतीचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. २०२३ मध्ये एका बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तसं म्हटलेलंही आहे. म्हणूनच तक्रार साधी, सरळ आणि कबुलीसकट लिहायची. वादाची तथ्यं जेवढी कमी, तेवढी ही हरकत लटकी.

आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं म्हणून 'थेट हायकोर्टातच जाऊया' असं जो तो म्हणतोय. आपल्या सहा जिल्ह्यांना मुंबईची फेरी वाचली, मोठंच काम झालं. पण तुमच्यासारख्या तथ्यांच्या वादात हायकोर्ट पहिल्याच दिवशी विचारणार, आयोगाकडे गेला होतात का?

येताना नकाराचं पत्र पाकिटासकट आणा, पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का मला लागेल. आबांच्या गोळ्यांची जुनी बिलं असतील तर तीही आणा. लपवायला नाही, जोडायला.